बाळाचे डोके एका बाजूने चपटे होत आहे. मोहरीची उशी द्यावी का?

देवगडची आई

नमस्कार. माझा मुलगा येत्या आठवड्यात साडेतीन महिन्यांचा होईल. ही माझी पहिलीच वेळ असून बाळंतपणासाठी मी माहेरी, देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी आले आहे. पंधरा दिवसांपूर्वी न्हाऊ घातल्यावर त्याला दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतले, तेव्हा डोक्याची मागची उजवी बाजू डावीपेक्षा सपाट असल्याचे माझ्या लक्षात आले. टाळूच्या बाजूने पाहिले तर उजवा कान डाव्यापेक्षा किंचित पुढे आलेला दिसतो, आणि डोके जिथे टेकते तिथले जावळ घासून जाऊन रुपयाएवढी जागा उघडी पडली आहे. बाकी तो हसतो, हुंकार देतो, अंगावर नीट पितो आणि त्याचे वजनही चांगले वाढते आहे.

घरात यावर एकमत नाही. माझ्या आईने मोहरी धुऊन, उन्हात वाळवून, मऊ सुती कापडात भरून छोटी उशी शिवून ठेवली आहे. आम्हा दोघी बहिणींना तिने अशीच उशी दिली होती. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या आजी सत्तरीच्या आहेत, आमच्या वाडीतली निम्मी मुले त्यांच्या हातून न्हाली आहेत. त्या रोज तेल लावताना दोन्ही तळव्यांमध्ये बाळाचे डोके धरून दाबतात. मी भीतभीत नको म्हणाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो बाय, आताच डोक्याक आकार देवक व्हयो, मगे हाडां घट्ट होतत." मुंबईला असणारी माझी बहीण सांगते की, रात्री त्याला पालथे निजवावे, म्हणजे मागचा भाग टेकणारच नाही. रत्नागिरीला नोकरी करणाऱ्या माझ्या पतींनी डोक्याला आकार देणाऱ्या हेल्मेटची माहिती शोधून पाठवली आहे.

या सर्वांचे त्याच्यावर प्रेम आहे, त्यामुळे कोणालाही दुखवायचे नाही. पण यातले काय करावे आणि काय टाळावे, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. चपटेपणाचा मेंदूवर परिणाम होतो का? आणखी एक काळजी आहे. तो आता कुशीवर वळू पाहतो, आणि आमच्या ओटीला कठडा नाही. जोते चांगले तीन फूट उंच आहे. ज्यांनी यातून वाट काढली असेल, त्यांनी कृपया लिहावे.

मालवणची सून

ताई, माझी मुलगी आता दोन वर्षांची आहे आणि तिच्या बाबतीत हे सगळे घडले आहे, फक्त बाजू डावी होती.

आमच्या खोलीत खाट भिंतीला लावलेली होती आणि एकच खिडकी होती. खिडकीतून उजेड यायचा, अंगणातली माणसे, कोंबड्या, वाळत घातलेले कपडे, जे काही हलते ते सगळे त्याच बाजूला दिसायचे. दुसऱ्या बाजूला कोरी भिंत. मुलीने डावीकडेच पाहत राहावे यात तिचा काहीच दोष नव्हता. हे माझ्या नणंदेच्या लक्षात आले. तिने त्या दिवशी मुलीला फक्त उलटे निजवले, जिथे पाय असायचे तिथे डोके, आणि पाच मिनिटांत मुलगी मान वळवून उजवीकडे, खिडकीकडे पाहू लागली. मात्र तिकडे पाहताना तिची मान अर्ध्यावरच थांबायची आणि ती रडू लागायची, हेही आम्हाला तेव्हाच पहिल्यांदा दिसले.

लसीकरणाच्या वेळी मी हे डॉक्टरांना सांगितले. त्यांनी मान चाचपून पाहिली आणि मानेच्या एका बाजूचा स्नायू आखडलेला असल्याचे सांगितले. फिजिओथेरपीच्या बाईंनी मला दोन व्यायाम शिकवले: एकात खांदा स्थिर धरून हनुवटी हळूच खांद्याकडे वळवायची आणि दुसऱ्यात कान विरुद्ध खांद्याकडे झुकवायचा. दर वेळी लंगोट बदलताना मी ते करायचे, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नसे. हे व्यायाम वाचून किंवा व्हिडिओ पाहून करू नका, एकदा हाताला हात लावून शिकून घ्या, कारण किती जोर लावायचा हे शब्दांत सांगता येत नाही.

मोहरीची उशी मीही आठ दिवस वापरली होती. एका पहाटे मी उठले तर उशी डोक्याखालून सरकून गालाशी आली होती आणि मुलीचे नाक त्या कापडाला लागलेले होते. तिला काही झाले नाही. पण त्या दिवसानंतर ती उशी मी पुन्हा पाळण्यात ठेवली नाही.

मुलगी सहाव्या महिन्यानंतर बसू लागली आणि मग चपटेपणा हळूहळू भरत गेला. आता न्हाताना केस ओले होऊन डोक्याला चिकटले की मलाच तो जाणवतो, इतरांना दाखवूनही दिसत नाही.

निवृत्त परिचारिका

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अनेक वर्षे काम केले आहे आणि तुमच्या पत्रातला प्रत्येक प्रश्न बाळंतिणींच्या तोंडून ऐकलेला आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बाळाच्या कवटीची हाडे जन्मतः एकमेकांना जुळलेली नसतात. त्यांच्यामधले सांधे मऊ असतात आणि ते तसेच असावे लागतात, कारण जन्माच्या वेळी डोक्याला थोडे दबून बाहेर यावे लागते आणि नंतर मेंदूला वाढायला जागा लागते. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो आणि पहिले तीन महिने तो दर महिन्याला सुमारे २ सेंटिमीटर वाढतो. इतक्या झपाट्याने वाढणारे डोके दिवसरात्र एकाच जागी टेकलेले राहिले की, त्या जागी वाढीला अटकाव होतो आणि जिकडे मोकळीक आहे तिकडे ते वाढते. अशा प्रकारच्या चपटेपणाने मेंदूवर दाब येत नाही. मेंदूला लागणारी जागा त्याला दुसऱ्या बाजूने मिळालेली असते. तुमच्या मनातली मोठी भीती हीच असेल, तर ती आधी दूर करा.

पण यातूनच हेही समजते की, तळव्यांनी दाबून डोके गोल का होत नाही. वाढ आतून होते आणि ती दिवसाचे कित्येक तास चालते. दोन मिनिटांच्या दाबाने आकार येत नाही. कोवळ्या डोक्याला त्रास मात्र होऊ शकतो. टाळूवर हलक्या हाताने खोबरेल तेल लावायला हरकत नाही. टाळू दाबू नये, ती "भरावी" लागत नाही. पुढची टाळू बहुतेक बाळांमध्ये दीड वर्षापर्यंत आपोआप भरून येते आणि मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांतच मिटते.

आजींना दुखवू नका, असे मी मनापासून सांगते, कारण त्यांच्या न्हाणीतच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. पाय लांब पसरून बसायचे, बाळाला नडग्यांवर पालथे घ्यायचे, पाठीला आणि मांड्यांना तेल चोळायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. तेवढा वेळ बाळाचे डोके कशावरही टेकलेले नसते आणि ते मान वर उचलण्याची खटपट करत असते. डॉक्टर आज ज्याला पोटावरचा वेळ म्हणतात, तो हाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, अजून रांगत नसलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे. तेव्हा आजींना सांगा की डोके दाबायचे राहू दे, पण तुमच्या पायांवर त्याला आणखी थोडा वेळ पालथे ठेवा. त्या आनंदाने ठेवतील.

उरलेला वेळ तुम्ही भरून काढा. जमिनीवर गोधडी घालून त्याला पालथे ठेवा आणि तुम्हीही समोर पालथ्या पडून त्याच्याशी बोला. या वयात बाळाला आईच्या चेहऱ्याइतके दुसरे खेळणे लागत नाही. सुरुवातीला ते मिनिटभरात कुरकुरेल. मग उचलून घ्या, थोड्या वेळाने पुन्हा ठेवा. तुमच्या छातीवर पालथे घेतले तरी तो वेळ धरता येतो. दूध पाजल्यावर लगेच मात्र पालथे ठेवू नका.

आता निजवण्याविषयी, आणि हे सर्वांत महत्त्वाचे आहे. तुमच्या बहिणीचा हेतू चांगला आहे, तरीही बाळाला झोपेसाठी पालथे निजवू नका. कुशीवरही नको, कारण कुशीवरून बाळ सहज पालथे होते. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण त्यानंतर अमेरिकेत निम्म्याहून अधिक घटले. त्याच काळापासून चपटी डोकी जास्त दिसू लागली, हेही खरे आहे. कॅनडातल्या कॅलगरी शहरात सात ते बारा आठवड्यांची ४४० बाळे तपासली गेली, तेव्हा जवळजवळ ४७ टक्के बाळांच्या डोक्यावर कमी-अधिक चपटेपणा आढळला. त्यांतल्या बहुतेकांचा सौम्य होता. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी हे सगळे पाहूनही उताणे निजवण्याचा सल्ला बदललेला नाही, कारण चपटेपणा बहुधा बराचसा भरून येतो. झोपताना पाठीवर आणि जागेपणी पोटावर, एवढे घरातल्या सर्वांना पाठ करून टाका. पुढे तो दोन्ही बाजूंना आपणहून वळू लागला की, झोपेत वळला तर त्याला पुन्हा पुन्हा उताणे करत बसण्याची गरज उरणार नाही. निजवताना मात्र उताणेच निजवावे.

मोहरीच्या उशीबद्दल वरच्या ताईंनी जे पाहिले तेच माझेही सांगणे आहे. उशीने हनुवटी छातीकडे झुकते, उशी सरकते, नाकातोंडाशी येते, आणि तीन महिन्यांच्या बाळाला तोंड बाजूला करण्याइतकी ताकद असेलच असे नाही. शिवण उसवली तर मोहरीचे दाणे तोंडात-नाकात जाण्याचा धोका वेगळाच. आपल्या पावसाळी हवेत त्या उशीला बुरशी धरते, तीही कोणाच्या ध्यानात येत नाही. डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नयेत, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली काढली आहे. कापडाची चुंबळ करून डोक्याखाली ठेवणेही त्यातच आले. वर्षाचे होईपर्यंत बाळाला उशी नको. सपाट, घट्ट अंथरूण पुरे.

निजताना काय बदलायचे, ते खिडकीच्या उदाहरणाने ताईंनी छान सांगितले आहे. तुमच्या मुलाची उजवी बाजू टेकते आहे, म्हणजे त्याला जे पाहावेसे वाटते ते डावीकडे येईल अशी मांडणी करा. तो झोपी गेल्यावर डोके अलगद डाव्या बाजूला वळवून ठेवा. काही वेळाने ते परत वळेल, तरी चालेल. खांद्यावर घेताना, कडेवर घेताना बाजू बदला. झोळीत तासन्‌तास झोपवू नका, कारण झोळीत डोक्याला सगळीकडून कापडाचा दाब बसतो आणि मान दुमडते. प्रवासी खुर्चीत किंवा तिरक्या झुल्यातही तेच होते.

मान एका बाजूला वळायला अडते का, हे तुम्ही घरी पाहू शकता. बाळ उताणे असताना त्याच्या नजरेसमोर खुळखुळा धरून एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सावकाश न्या. दोन्ही बाजूंना मान सारखीच वळली पाहिजे. जन्मानंतर दोन-चार आठवड्यांत मानेच्या बाजूला छोटी घट्ट गाठ लागली होती का, तेही आठवून पाहा आणि डॉक्टरांना सांगा. आखडलेल्या मानेचे व्यायाम जितके लवकर सुरू होतील, तितका गुण लवकर येतो.

काही बाळांमध्ये डोक्याचा आकार बदलण्याचे कारण निराळे असते: कवटीचा एखादा सांधा वेळेआधीच जुळून जातो. हे क्वचित, साधारण दोन ते अडीच हजार बाळांत एखाद्याला होते, पण ते ओळखणे आवश्यक आहे, कारण त्यावर बहुधा पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया करावी लागते. निजण्याने आलेल्या चपटेपणात त्या बाजूचा कान पुढे सरकतो, जसा तुमच्या मुलाचा दिसतो आहे. मागचा सांधा जुळल्यामुळे आलेल्या चपटेपणात तो बहुधा मागे किंवा खाली ओढल्यासारखा दिसतो. सांध्यावर बोटाला कडक उंचवटा लागणे, जन्मापासूनच आकार वेगळा असणे, बाजू बदलूनही तो वाढतच जाणे, टाळू फार लवकर मिटणे किंवा फुगलेली राहणे, डोक्याचा घेर अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका.

तुमची १४ आठवड्यांची लस आता आली असेल. त्या दिवशी डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहून घ्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना डोके वरून दाखवा. आशाताईंच्या गृहभेटी सहा आठवड्यांवर संपत नाहीत. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही त्या येतात. त्यांनाही दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, आणि त्यातून पुढे तपासणी व उपचारांसाठी पाठवण्याची सोय आहे.

देवगडची आई

ताई, इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल तुमची ऋणी आहे. खुळखुळा धरून पाहिला. डावीकडे तो खांद्यापर्यंत पूर्ण वळत नाही, थोडा आधीच थांबतो. उद्याच लसीसाठी जायचे आहे, तेव्हा हे सांगते. हेल्मेटबद्दल मात्र पतींच्या मनात अजून आहे. त्यांना असे वाटते की, आपण वेळ घालवला आणि नंतर उशीर झाला असे व्हायला नको.

निवृत्त परिचारिका

त्यांची काळजी रास्त आहे. नेदरलँड्समध्ये २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच ते सहा महिन्यांच्या, मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या ८४ बाळांचे दोन गट केले. एका गटाला सहा महिने दिवसाचे २३ तास हेल्मेट घातले आणि दुसऱ्या गटाला काहीच केले नाही. दोन वर्षांच्या वयात तपासले तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा जवळजवळ सारखीच होती, आणि डोके पूर्ण भरून आलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे साधारण चौथा हिस्सा होते. अतितीव्र चपटेपणाची आणि मान आखडलेली बाळे त्या अभ्यासात घेतलेली नव्हती, म्हणून अशा बाळांसाठी तज्ज्ञ कधीकधी हेल्मेट सुचवतात. घाम आणि त्वचेची चुरचुर हा हेल्मेटचा नेहमीचा त्रास आहे, आणि आपल्या दमट किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत तो किती होईल याचाही विचार करावा. तुमच्या मुलाचे वय अवघे साडेतीन महिने आहे. आधी मानेकडे पाहा, बाजू बदला, आणि सहाव्या महिन्यात पुन्हा दाखवा. हेल्मेट सुचवले गेलेच, तर त्यासाठी तेव्हाही उशीर झालेला नसेल.

गुहागरचा वाचक

ओटीच्या उंचीचा उल्लेख वाचून मला राहवले नाही, म्हणून लिहीत आहे.

आमच्या घरी पिढीजात सागवानी पाळणा आहे. तो माजघरात तुळईच्या दोन लोखंडी कड्यांना टांगलेला असे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असल्याने इथे लोखंड टिकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही मी त्या कड्यांना दर दिवाळीला काळा रंग देत असे आणि रंग चढला की काम झाले असे समजत असे. मुलगी सात महिन्यांची असताना, एका संध्याकाळी डोक्याकडची कडी तुटली. पाळणा अडीच फुटांवरून तिरका होऊन फरशीवर आला आणि तिचे डोके उजव्या बाजूने आपटले. नंतर मी ती कडी हातात घेऊन पाहिली. बाहेरचा रंग शाबूत होता आणि आतले लोखंड भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटत होते. जिथे आकडा रोज घासला जायचा तिथे ते झिजून काडीएवढे उरले होते.

ती लगेच रडली, याचेच आम्हाला समाधान वाटले. पाच-दहा मिनिटांत ती शांत झाली, प्यायली. शेजारच्या काकूंनी तेल आणून टेंगूळ जिरवायला सुरुवात केली. माझ्या आईने मात्र बोट लावून पाहिले आणि ती म्हणाली की, कपाळावरचे टेंगूळ टणक असते, हे कानाच्या वर आहे आणि पाणी भरल्यासारखे मऊ लागते. तिच्या या एका वाक्यामुळे आम्ही १०८ ला फोन केला. रुग्णालयात तपासणीत कवटीच्या हाडाला बारीक तडा गेल्याचे निघाले. आत रक्तस्राव नव्हता. दोन दिवस देखरेखीखाली ठेवले आणि तडा काही आठवड्यांत आपोआप भरून आला. डॉक्टरांनी सांगितले की, दोन वर्षांखालच्या मुलाच्या डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ सूज आली, तर ते खेळत असले तरी दाखवलेच पाहिजे.

ज्यांच्या घरी टांगलेला पाळणा किंवा झोळी आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कडीवरचा रंग खरवडून आतले लोखंड पाहा. सुंभाची दोरी असेल तर ती गाठीजवळ आणि तुळईवर घासते तिथे उलगडून पाहा. पाळण्यात बाळ असण्याआधी त्यात बाळाच्या कितीतरी पट वजनाची तांदळाची गोणी ठेवून हलवून पाहा. आणि पाळणा जमिनीपासून जितका खाली ठेवता येईल तितका ठेवा.

चिपळूणची शिक्षिका

दुचाकीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून दोन ओळी. लग्नकार्याला, माहेरी, डॉक्टरकडे जाताना तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे एका अंगाने बसलेल्या कितीतरी आया मला शाळेच्या वाटेवर रोज दिसतात, आणि आमचे वळणाचे, खडीचे, पावसात निसरडे होणारे रस्ते आपण सगळे जाणतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांप्रमाणे, चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडलेला सुरक्षापट्टा हवा, नऊ महिन्यांपासून पुढच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहेच. नऊ महिन्यांखालच्या बाळाची मान हेल्मेटचा भार पेलत नाही, म्हणून त्याला दुचाकीवर नेऊच नये. एसटी किंवा रिक्षा, थोडा वेळ लागला तरी, बरी.

निवृत्त परिचारिका

गुहागरच्या दादांनी जे लिहिले त्याला जोडून सांगते. दोन वर्षांखालच्या मुलासाठी तीन फुटांवरून पडणे डॉक्टर गंभीर धरतात. आपल्या जांभ्याच्या जोत्याची उंची नेमकी तेवढी असते, आणि खाली बहुधा चिऱ्याची पायरी किंवा फरशी असते. तेव्हा ताई, ओटीचा कठडा मूल रांगायला लागण्याआधी झाला पाहिजे, आणि त्याच्या उभ्या पट्ट्यांमधून डोके जाणार नाही इतके अंतर कमी ठेवायला सांगा. तोवर बाळाला ओटीवर, खाटेवर किंवा झोपाळ्यावर क्षणभरही एकटे ठेवू नका. बाळ पहिल्यांदा वळते तो दिवस कोणाला सांगून येत नाही. जमिनीवर अंथरलेली गोधडी ही सर्वांत सुरक्षित जागा आहे, कारण तिच्यावरून पडायला खाली काही नसते.

अंगणात ऊन देताना माडाखाली बाज टाकू नका. नारळ आणि झावळी पडायला वारा लागतोच असे नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या खराट्याने घासून घ्या, कारण बाळाला घेतलेली व्यक्ती घसरली की तिला हात टेकता येत नाहीत. चाकांचा वॉकर आणू नका. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे, कारण मुले त्यातून पायऱ्यांवरून खाली जातात आणि त्यांची डोकी फुटतात. आणि रडणे थांबत नाही म्हणून बाळाला कोणीही गदागदा हलवू नये. कोवळ्या मानेवर मोठे डोके हिसकले गेले की मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. फार वैताग आला तर बाळाला गोधडीवर उताणे ठेवून आईने दोन मिनिटे बाहेर जाऊन यावे. त्यात काही गैर नाही.

पडल्यावर रडून लगेच सावरले, कपाळावर लहान टेंगूळ आले, तर ओल्या थंड फडक्याने शेकावे, चोळू नये. झोपेची वेळ असेल तर झोपू द्यावे, पण काही वेळाने हलवून जागे होते ना हे पाहावे. पहिले चार ते सहा तास फार जपायचे असतात. क्षणभरही शुद्ध हरपली, वारंवार उलटी झाली, झटका आला, उठवूनही नीट जाग येत नाही, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव आला, टाळू फुगली, एक हात-पाय कमी हलतो, किंवा बाजूला अगर मागे मऊ सूज आली, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. "हे माझे नेहमीचे बाळ वाटत नाही," असे आईला वाटणे हेदेखील एक लक्षण आहे. डॉक्टर ते गांभीर्याने घेतात, तुम्हीही घ्या.

देवगडची आई

काल लस झाली. डोक्याचा घेर ४१ सेंटिमीटर भरला आणि वयाच्या मानाने तो ठीक असल्याचे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांनी सांध्यांवरून बोटे फिरवली, टाळू पाहिली, मान दोन्हीकडे वळवली. सांधे मोकळे आहेत. मान किंचित आखडली आहे, त्यामुळे ती डावीकडे पूर्ण वळत नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली असून पतींनी गुरुवारची रजा काढली आहे. आम्ही एसटीनेच जाणार आहोत.

आजींना मी डोके दाबू नका असे सांगितले नाही, तर तुम्ही लिहिल्याप्रमाणे त्यांच्या पायांवर त्याला जास्त वेळ पालथे ठेवायला सांगितले. आज सकाळी त्यांनी त्याला नडग्यांवर घेतले आणि पाठीला तेल लावता लावता गोष्ट सांगत बसल्या. तो मान उचलून दाराकडे पाहत होता आणि दमला की गाल त्यांच्या पायावर टेकत होता. घड्याळात पाहिले तर सहा मिनिटे झाली होती. डोके दाबायचे त्यांच्या लक्षातच राहिले नाही.

आईने उशी कपाटात ठेवून दिली आहे. खाट वळवली आहे, आता खिडकी त्याच्या डावीकडे येते. दर पंधरा दिवसांनी वरून एक छायाचित्र काढून ठेवणार आहे. सुतारकाका उद्या ओटीचे माप घ्यायला येतील. पट्ट्यांमधले अंतर नेमके किती ठेवायला सांगू, हे कोणी कळवले तर बरे होईल.

गुहागरचा वाचक

आमच्या सुताराने चार बोटे, म्हणजे तीन इंचांच्या आत ठेवले आहे. आडव्या पट्ट्या लावू देऊ नका, मूल उभे राहू लागले की त्यांवर पाय देऊन चढते. खिळे आणि बिजागऱ्या पितळेच्या किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या घ्या.